विकास योजनेतल्या हिरव्या जागा पन्नास वर्षे कशा टिकतील?

प्रश्न थोडक्यात असा: एका ‘ब’ वर्ग नगरपालिकेची हद्द वाढली आहे आणि सुधारित विकास योजनेचे काम सुरू झाले आहे. नव्या हद्दीत गायरानाची एक टेकडी आणि तिच्यावरून उतरणारा ओढा आला आहे. जुन्या आराखड्यात बागांची, क्रीडांगणांची बरीच आरक्षणे आहेत, पण त्यांतली बहुतेक पालिकेच्या ताब्यात कधी आलीच नाहीत. ही सगळी जागा पुढच्या पन्नास वर्षांसाठी हिरवी राखायची, तर राज्याच्या नियोजनात त्यासाठी कोणती सोय आहे आणि नागरिकांनी नेमका कुठे जोर लावायचा?

उत्तर:

थेट मुद्द्यावर येतो. नकाशावर हिरवा रंग भरून घेतला म्हणून जमीन राखली जात नाही. तीन गोष्टी तपासाव्या लागतात. सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर नाव कुणाचे आहे? नगररचना कायद्याखेरीज आणखी एखाद्या कायद्याचे कवच त्या जमिनीला आहे का? आणि तिच्यासाठी दरवर्षी काही रक्कम खरोखर बाजूला पडते का? माझी बहुतेक नोकरी नगररचनेत गेली आणि आता आराखड्यांच्या सुनावण्यांमध्ये नागरिकांच्या बाजूने बसतो. ज्या मोकळ्या जागा टिकलेल्या पाहिल्या, त्यांच्याकडे या तिन्हींपैकी निदान दोन गोष्टी होत्या. ज्या गेल्या, त्यांच्याकडे बहुतेक वेळा फक्त रंग होता.

आपल्याकडे हे सारे ‘महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६’ या कायद्याखाली चालते. बोलताना सगळे त्याला एमआरटीपी म्हणतात. विकास योजनेत काय असावे हे कलम २२ सांगते आणि त्यात खुल्या जागा, क्रीडांगणे, उद्याने, हरित पट्टे, निसर्ग राखीव क्षेत्रे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे अधिकार पुरेसा आहे. अडचण पुढे कलम १२७ मध्ये आहे, आणि ते कलम तुमच्या गावातल्या प्रत्येक जागरूक माणसाने एकदा स्वतः वाचायला हवे.

योजना मंजूर होऊन अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक पालिकेला नोटीस देऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून ठरावीक मुदतीत जमीन घेतली नाही किंवा घेण्याची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे उठते, आणि शेजारच्या जमिनीला जो वापर मिळतो तो मालकाला मिळतो. ही मुदत पूर्वी ६ महिने होती, २००९ मध्ये १२ झाली आणि २०१५ मध्ये २४. मुदत वाढली तरी निकाल फारसा बदलत नाही, कारण मुदतीत करायचे काम पैशाचे आहे. ‘पावले उचलली’ याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या गिरनार ट्रेडर्स खटल्यात घट्ट बांधून दिला. सभेत ठराव केला, जिल्हाधिकाऱ्यांना पत्र धाडले, एवढ्याने भागत नाही. संपादनाची खरी कारवाई सुरू झालेली दिसावी लागते. अनेक पालिका आजही नोटीस आली की ठराव करून पत्र पाठवतात आणि फाइल बंद करतात. दोन वर्षांनी बाग गेलेली असते.

यात मालकाला खलनायक करू नका. वडिलांच्या काळापासून ज्याची जमीन अडकून पडली आहे, विकता येत नाही, बांधता येत नाही आणि मोबदलाही मिळत नाही, त्याच्यासाठी कलम १२७ हाच मुख्य दरवाजा आहे. सुनावणीत मालक समोर बसलेला असताना ‘बाग झालीच पाहिजे’ एवढेच म्हणणाऱ्या संस्थांचे बोलणे समिती ऐकून घेते आणि सोडून देते. ‘या जमिनीचे पैसे असे उभे राहतील’ हे कागदावर घेऊन जाणाऱ्यांचे म्हणणे मात्र नोंदवावे लागते.

इथेच एक तरतूद आहे, तिच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. कलम ३१ चे पोटकलम (५) म्हणते की पालिका ही जमीन दहा वर्षांत संपादित करू शकेल अशी खात्री पटल्याशिवाय राज्य सरकारने असे आरक्षण योजनेत ठेवू नये. ही खात्री कुठल्या आकड्यांवर पटली? नव्या आराखड्यात आरक्षणांचा एकूण खर्च किती, पालिकेची वर्षाची ताकद किती? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शहरी जमिनीला बाजारभाव आणि त्यावर तेवढीच दिलासा रक्कम मिळून दुप्पट पैसे द्यावे लागतात. लहान पालिकेसाठी एका एकराची बागसुद्धा कोटींचा विषय होतो. म्हणून शंभर आरक्षणे मागण्यापेक्षा, खरोखर घेता येतील अशी वीस मागा आणि त्यांचा वर्षवार कार्यक्रम आराखड्याच्या अहवालात छापून घ्या. हे ऐकून काही कार्यकर्ते नाराज होतात, मला कल्पना आहे. पण न घेता आलेले आरक्षण दहा वर्षांनी उठते तेव्हा ती जमीन पुन्हा मागायला कुणालाच तोंड उरत नाही.

सुधारित योजनेचा एक फायदा मात्र घ्या. जुन्या आरक्षणावर मालकाने नोटीस दिलीच नसेल आणि सुधारित योजनेत तेच आरक्षण कायम झाले, तर दहा वर्षे नव्याने मोजली जातात. पुण्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरले. म्हणून आज पहिले काम माहिती अधिकाराचा अर्ज. आतापर्यंत कलम १२७ खाली किती नोटिसा आल्या, कोणत्या आरक्षण क्रमांकाच्या, कोणत्या तारखेला पोहोचल्या, आणि त्यांवर काय झाले. ही यादी हातात आली की कुठली आरक्षणे वाचू शकतात आणि कुठली आधीच गेली, ते एका संध्याकाळी कळते.

आता आरक्षण आणि विभाग यांतला फरक. आरक्षण विशिष्ट सर्व्हे नंबरवर असते, पालिकेने ती जमीन घ्यायची असते आणि न घेतल्यास ते व्यपगत होते. विभाग, म्हणजे शेती विभाग, ना-विकास क्षेत्र, हरित विभाग, डोंगरमाथा-डोंगरउतार, हा वापरावरचा निर्बंध असतो. मोबदला नाही, संपादन नाही आणि कलम १२७ ही नाही. त्यामुळे पुष्कळांना विभाग जास्त सुरक्षित वाटतो. पण तो एका अधिसूचनेने बदलतो. मुंबईत आरेमधली सुमारे ३३ हेक्टर जमीन २०१७ मध्ये ना-विकास क्षेत्रातून अशीच बाहेर काढली गेली आणि मेट्रोच्या कारशेडचा मार्ग मोकळा झाला. गोव्यात तर प्रादेशिक आराखड्यातले बदल एकेका सर्व्हे नंबरमागे होऊ लागले. नगर नियोजन कायद्यात घातलेल्या कलम १७(२) मुळे ‘आराखड्यातली चूक दुरुस्त करतो’ म्हणून बागायती आणि नैसर्गिक आच्छादनाच्या जमिनी वस्तीच्या विभागात नेता येत होत्या. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम रद्द केले. ज्या गोव्यात २००६-०७ साली लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला अख्खा प्रादेशिक आराखडा मागे घ्यावा लागला, तिथेच पुढे तुकड्यातुकड्याने हे घडले. अख्ख्या आराखड्याविरुद्ध हजारो माणसे जमतात. एका सर्व्हे नंबरच्या बदलाची जाहिरात स्थानिक वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते आणि हरकतीचा महिना निघून जातो.

महाराष्ट्रात हे बदल बहुधा एमआरटीपीच्या कलम ३७ खाली होतात, कधी कलम १५४ च्या शासन निर्देशाने. तुमच्या गटातल्या एका माणसाने राजपत्र आणि जाहीर सूचना वाचण्याचे काम कायमचे अंगावर घ्यायला हवे. निवृत्त तलाठी किंवा मोजणी खात्यातले कुणी गावात असेल तर त्याच्याइतका योग्य माणूस नाही.

दोन्ही पद्धतींची खरी परीक्षा पुण्याच्या टेकड्यांवर झाली, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. १९८७ साली मंजूर झालेल्या पुण्याच्या योजनेत जुन्या हद्दीतल्या टेकड्या डोंगरमाथा-डोंगरउतार विभागात होत्या. १९९७ मध्ये आसपासची गावे महापालिकेत आली आणि पुढे त्यांतली २३ राहिली. या गावांच्या टेकड्यांवर तेव्हाच घरे चढू लागली होती. माजी महापौर वंदना चव्हाण आणि पुण्याच्या पर्यावरण संस्थांनी लावून धरल्यावर महापालिकेने २००५ मध्ये ठराव केला की या गावांतल्या ९७८ हेक्टर टेकड्या जैवविविधता उद्यान म्हणून राखायच्या. त्याचे इंग्रजी आद्याक्षरांनी ‘बीडीपी’ झाले आणि पुण्यात आज शाळकरी मुलालाही तो शब्द ठाऊक आहे.

विचार अतिशय चांगला होता. पुण्याच्या टेकड्या दख्खनच्या बेसॉल्टच्या आहेत. त्यांच्या भेगांमधून मुरलेले पाणी पायथ्याच्या विहिरी आणि कूपनलिकांना मिळते. टेकडी फोडली की पावसाळ्यात पायथ्याचे रस्ते वाहतात आणि उन्हाळ्यात टँकर येतात, हे पुणेकर दरवर्षी पाहतात. पण राज्य सरकारची मंजुरी यायला २०१५ चा ऑगस्ट उजाडला. या दहा वर्षांत जमीन ना धड राखीव ना धड मोकळी अशी राहिली. त्याचा फायदा गुंठेवारीने प्लॉट पाडणाऱ्यांनी घेतला. कागदोपत्री काही नाही, पण जागेवर पत्र्याची शेड, मग पक्के घर, मग वीज मीटर.

मंजुरी आली तीही आरक्षण म्हणून आली आणि मोबदला ठरला ८ टक्के टीडीआर. टीडीआर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क. जमीन पालिकेला द्यायची आणि त्या बदल्यात मिळालेले बांधकाम क्षेत्र दुसरीकडे वापरायचे किंवा विकायचे. ८ टक्के म्हणजे १०० चौरस मीटर जमिनीमागे ८ चौरस मीटर. राज्याच्या २०१६ च्या टीडीआर धोरणात विरळ वस्तीच्या भागातल्या साध्या आरक्षणाला मात्र जमिनीच्या दुप्पट, म्हणजे १०० मागे २०० चौरस मीटर मिळतात. टेकडीच्या उतारावर तसेही बांधता येत नव्हते, तेव्हा तिची किंमत कमी धरणे हे नियोजनाच्या तर्कात बसते. मलाही दुप्पट देणे पटले नसते. पण एकीकडे २०० आणि दुसरीकडे ८ असे असताना कुठला मालक आपणहून पुढे येईल? फारच थोडी जमीन ताब्यात आली. कायद्याच्या शब्दांप्रमाणे मोजले तर २०१५ च्या मंजुरीची दहा वर्षे २०२५ मध्ये पुरी झाली, म्हणजे कलम १२७ चा दरवाजा आता उघडा आहे. ज्या टेकड्यांसाठी इतकी माणसे वीस वर्षे झगडली, त्या अशा घड्याळावर टांगलेल्या पाहून जीव तुटतो.

माझ्या मते तिथे सुरुवातीलाच तीन गोष्टी करायला हव्या होत्या आणि तुमच्या टेकडीसाठी त्या आजही करता येतात. पहिली, सरकारी आणि खासगी जमीन वेगळी काढायची आणि सरकारी जमिनीला आरक्षणाच्या भरवशावर न ठेवता लगेच दुसऱ्या कायद्याखाली न्यायचे. दुसरी, एकास पाच किंवा त्याहून तीव्र उताराचा भाग मोजून वेगळा दाखवायचा. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत अशा उतारावर बांधकामाला आणि खोदाई-भरावाला मनाई आहे आणि ती मनाई मोबदल्यावर अवलंबून नाही. तिसरी, उरलेल्या खासगी जमिनीतून माथा, ओढ्याचे उगम आणि जायच्या-यायच्या वाटा एवढेच तुकडे निवडून त्यांना चांगला मोबदला द्यायचा. उताराची मोजणी लवकर करून घ्या. योजना येतेय म्हटल्यावर टेकडीच्या पायथ्याशी जेसीबी लागतात आणि मोजणीच्या दिवशी उतार सपाट झालेला असतो. आजची उपग्रह छायाचित्रे तारखेसह जपून ठेवा, पुढे हाच पुरावा लागतो.

तुमच्याकडे टेकडी गायरान आहे, ही भाग्याची गोष्ट आहे. ती विकत घ्यावी लागणार नाही. पण सरकारी आहे म्हणून सुरक्षित आहे असे मुळीच समजू नका. हद्दवाढीनंतर घरकुल, पोलीस वसाहत, कचरा डेपो, बस आगार, साऱ्यांची नजर पहिल्यांदा गायरानाकडे वळते, कारण ते फुकट असते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवायला सर्व राज्यांना सांगितले आणि महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैत त्याबाबत शासन निर्णय काढला. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ खाली जिल्हाधिकारी सरकारी जमीन विशिष्ट सार्वजनिक कारणासाठी राखून ठेवू शकतात. तुमचा पहिला अर्ज त्यांच्याकडे गेला पाहिजे आणि विकास योजनेतले आरक्षण त्याच्यावर दुसरा थर म्हणून आले पाहिजे.

त्याहून पक्की वाट वनाची आहे. एखादी जमीन भारतीय वन अधिनियमाखाली राखीव किंवा संरक्षित वन झाली की तिचा वापर बदलायला १९८० च्या वन संवर्धन कायद्याप्रमाणे केंद्राची परवानगी लागते. नगरपालिकेची सभा तिला हात लावू शकत नाही. पुण्याच्या वारज्याचे उदाहरण घ्या. तिथली उजाड टेकडी वन खात्याची होती, अतिक्रमणाच्या तोंडाशी होती. वन खाते, नागरिक आणि कंपन्यांच्या मदतीने तिथे नागरी वन उभे राहिले आणि २०२० मध्ये केंद्राने ‘नगर वन’ योजना जाहीर करताना याच वारज्याचा दाखला दिला. वारज्याची झाडे सगळे दाखवतात. मी लोकांना तिथल्या जमिनीचा दर्जा दाखवतो. तो आधी होता म्हणून झाडे लावण्यात अर्थ होता.

या वाटेवर एक खड्डा आहे. वन अधिनियमात कलम ४ ची अधिसूचना म्हणजे इरादा, आणि कलम २० ची अधिसूचना म्हणजे अंतिम शिक्कामोर्तब. मधल्या काळात हक्क-दावे ऐकून निकाली काढायचे असतात. दिल्लीच्या ‘रिज’ या जंगलाच्या डोंगररांगेवर १९९४ मध्ये कलम ४ ची अधिसूचना निघाली आणि कलम २० चे काम पुढे दशकानुदशके रखडले. हद्द अंतिम नसल्यामुळे अतिक्रमणे वाढत गेली आणि खटल्यांवर खटले झाले. तुमच्या टेकडीसाठी कलम ४ झाले तर पेढे वाटा, पण कलम २० होऊन गाव नमुना १-अ मध्ये, म्हणजे तलाठ्याच्या वनजमिनींच्या नोंदवहीत, नोंद पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. मोजणी करून हद्दीचे दगडही रोवून घ्या.

दर्जा बदलला की काय होते याचा सर्वांत मोठा पुरावा मुंबईच्या खाडीकाठी आहे. कांदळवने म्हणजे चिखल, भराव घालायची जागा, असे कित्येक वर्षे चालले होते. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये तोडीवर बंदी घातली, सरकारी जमिनीवरची कांदळवने संरक्षित वन करायला सांगितली आणि भोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम नको म्हणून बजावले. २०१८ मध्ये अंतिम निकालात ते कायम झाले. राज्याने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला आणि २०१५ मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य झाले. मुंबईत मोकळ्या चौरस फुटाला काय भाव आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही ही झाडी बऱ्याच अंशी उभी आहे, कारण तिच्यावर नगररचनेखेरीज वन, सागरकिनारा नियमन आणि न्यायालयाचा आदेश असे थर आहेत, आणि तिची राखण करणारा एक ओळखता येण्याजोगा अधिकारी आहे. आरेतलीही ८१२ एकर जमीन २०२१ मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे आली. कारशेडची जागा त्यात नव्हती, पण त्या ८१२ एकरांसाठी लढलेल्यांचे काम मी लहान मानत नाही.

वन खाते तयार नसेल तर जैवविविधता कायदा, २००२ चे कलम ३७ आहे. त्याखाली राज्य सरकार जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करते. महाराष्ट्रात अल्लापल्लीपासून सुरुवात झाली आणि पुढे २०२० मध्ये जळगावचे लांडोरखोरी व पुण्याचे गणेशखिंड उद्यान आले. गणेशखिंड तर भर शहरात आहे. यासाठी पालिकेची जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या जीवसृष्टीची लोकांच्या मदतीने केलेली नोंद, खरी हवी. बहुतेक गावांत ती ठेकेदाराने एका नमुन्यात भरून दिलेली असते. गावातले धनगर, वैदू, शाळेतले जीवशास्त्राचे शिक्षक यांना घेऊन टेकडीवर सहा ऋतू फिरा आणि नोंदी करा.

ओढ्याचे काम तुलनेने सोपे आहे, फक्त ते मसुदा प्रसिद्ध होण्याआधी व्हायला हवे. पाटबंधारे खाते नदीला निळी आणि लाल पूररेषा आखून देते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतल्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत इमारत नको, बाग-मैदान चालते. लहान ओढ्यांना बहुधा रेषाच आखलेल्या नसतात, आणि रेषा नाही म्हणजे पूर नाही असे धरून परवानग्या दिल्या जातात. जुना गाव नकाशा आणि गट नकाशा काढा, त्यात ओढा दाखवलेला असतो. मसुद्यात तो गायब असेल किंवा सरळ रेषेतला नाला झाला असेल तर ती हरकत सर्वांत आधी घ्या. ओढ्याच्या दोन्ही काठांचा सलग पट्टा टेकडीपासून नदीपर्यंत मिळाला, तर तुमच्या गावात विखुरलेल्या बागांपेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त होईल.

खासगी आरक्षणांत टीडीआर, समावेशक आरक्षण म्हणजे काही हिस्सा मालकाला विकसित करू देऊन उरलेला ताब्यात घेणे, आणि रोख खरेदी असे तीन रस्ते आहेत. लहान गावात टीडीआरला गिऱ्हाईक नसते, त्यामुळे मुंबई-पुण्याचे सूत्र तिथे चालत नाही. विकास शुल्काचा ठरावीक हिस्सा फक्त खुल्या जागांच्या संपादनासाठी वेगळ्या खात्यात टाकायचा ठराव पालिकेकडून करून घ्या आणि तो अर्थसंकल्पात वेगळ्या लेखाशीर्षाखाली दिसतो का ते दर मार्चला पाहा. जमीन ताब्यात आली की फेरफार त्याच आठवड्यात घाला. टीडीआर देऊन झाला, पण सातबारा मालकाच्याच नावावर राहिला आणि पुढच्या पिढीने तीच जमीन तिसऱ्याला विकली, अशी प्रकरणे मी एकाहून अधिक गावांत पाहिली आहेत. मंजूर रेखांकनांतल्या दहा टक्के खुल्या जागांचेही तसेच. ४ हजार चौरस मीटर किंवा मोठ्या रेखांकनात ही जागा सोडावीच लागते. गावभरातल्या अशा जागा मोजल्या तर कधीकधी साऱ्या बागांहून जास्त भरतात, आणि त्यांवर समाजमंदिर, व्यायामशाळा, पाण्याची टाकी असे एकेक उभे राहत जाते. यासाठी न्यायालयात जाता येते. बंगळूरमध्ये उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला दिली तेव्हा रहिवाशांनी दाद मागितली आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्दच ठेवले.

प्रक्रियेत जोर कुठे लावायचा, हे आता सांगतो. सगळे लोक एमआरटीपीच्या कलम २६ ची, म्हणजे मसुदा प्रसिद्ध झाल्यानंतरच्या ३० दिवसांची वाट पाहतात. त्याआधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो. तुमची टेकडी त्यात ‘पडीक’ म्हणून गेली, तर पुढचे सारे तिथेच ठरले. गवताळ माळ हा पडीक नसतो, तिथे जनावरे चरतात, टिटवी अंडी घालते, पाणी मुरते. नकाशा करणाऱ्या पथकाला आत्ताच भेटा, फोटो आणि सर्व्हे नंबर द्या, पोच घ्या. मग ३० दिवसांच्या मुदतीत प्रत्येक जागेची स्वतंत्र हरकत-सूचना द्या. एकाच मजकुरावर पाचशे सह्या घेतल्या तर नियोजन समिती ती एकच हरकत मानते. या समितीत स्थायी समितीच्या सदस्यांबरोबर नगररचना संचालकांनी नेमलेले तज्ज्ञही असतात, त्यांच्यापुढे नकाशा उघडून बोला. त्यानंतर लोक थकतात आणि घरी जातात. खरे नुकसान पुढे होते. शासन योजना मंजूर करताना काही भाग ‘वगळलेला भाग’ म्हणून बाजूला काढते, सारभूत, म्हणजे मोठे, बदल सुचवते आणि त्यावर पुन्हा हरकतीची मुदत देते. जाणकार लोक या टप्प्याला ईपी म्हणतात. मसुद्यात असलेली बाग इथे निवासी झालेली मी अनेक योजनांत पाहिली आहे, आणि त्या वेळी हरकत घ्यायला गावातून एकही माणूस आलेला नसतो.

थोडे झाडांबद्दल, कारण तुमच्या पत्रात वृक्षारोपणाचा कार्यक्रम आधीच ठरलेला दिसतो. माळाच्या टेकडीवर हजारोंनी रोपे लावू नका. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प लावून हिरवळ झाली, पण त्याच्या दाट सावलीखाली तिथले मूळचे गवत आणि फुले फारशी टिकली नाहीत. आधी चर आणि वणवा अडवणारे पट्टे, दोन वर्षे राखण, आणि मग हिवर, धावडा, सालई, खैर, जे तिथे आपोआप येईल त्याला हात द्या. वृक्षतोडीबाबत १९७५ च्या नागरी वृक्ष जतन कायद्यात २०२१ मध्ये चांगली भर पडली. पन्नास वर्षे किंवा जास्त वयाचे झाड आता वारसा वृक्ष आहे आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. गावातल्या वड, पिंपळ, चिंचांची वयासकट यादी पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडून मंजूर करून ठेवा, म्हणजे रस्ता रुंदीकरणाच्या वेळी वाद घालायला आधार राहील.

तुमच्याकडे आता असलेला वेळ लक्षात घेऊन क्रम असा धरा. याच आठवड्यात कलम १२७ च्या नोटिसांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज आणि टेकडीचे सातबारे व गाव नमुना १-ब चा उतारा. पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे महसूल संहितेच्या कलम २२ चा अर्ज, प्रत उपवनसंरक्षकांना. मग पाटबंधारे उपविभागाकडे ओढ्याच्या पूररेषेची मागणी. योजना विशेष घटकाकडून, म्हणजे नगररचना खात्याच्या खास पथकाकडून, होत असेल तर त्यांच्या नगररचनाकाराला विद्यमान वापराच्या नकाशाबाबत लेखी निवेदन. हे चार कागद पोच घेऊन झाले की आरक्षणांची यादी आणि पालिकेचे गेल्या पाच वर्षांचे अर्थसंकल्प मला पाठवा. कोणत्या वीस जागा धरायच्या ते आपण नकाशा समोर ठेवून ठरवू.